भांड्यांच्या दुकानाची वेबसाईट: आधी घरच्या संगणकावर बांधू की थेट होस्टिंगवर?

पितळी_डबा · सोम, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं जुनं दुकान आहे. सिंहस्थ २०२७ च्या गर्दीआधी त्याची वेबसाईट चालू करायची आहे. वर्डप्रेस (साईट बांधायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यातली ऑनलाइन विक्रीची सोय) करायचं ठरलंय. डोमेन (साईटचं नाव) घेतलंय, होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) अजून नाही.

अडचण अशी की आमचा माल नगावर कमी आणि वजनावर जास्त विकला जातो. किलोचा दर बदलला की प्रत्येक हंड्याची, परातीची, घंगाळाची किंमत बदलली पाहिजे. त्यासाठी मी छोटं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची पुरवणी) लिहितोय. बाबा रोज विचारतात, "झाली का?" पण अर्धीमुर्धी साईट जगासमोर ठेवायची त्यांची तयारी नाही. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने चुकीचा भाव पाहिला तर दुकानात येऊन तोच मागणार!

तर सगळं आधी घरच्या पीसीवर उभं करावं का? केलं तर बाबांच्या मोबाईलवर कसं दाखवायचं, आणि होस्टिंगवर चढवताना काय मोडतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा.

सातपूरकर · सोम, रात्री ९:४०

घरीच बांधा. एक्सॅम्प टाका. अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) सगळं एकाच पुडक्यात येतं. सी ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवा, प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, तिथे विंडोज लिहायची परवानगी देताना नखरे करतं. वर्डप्रेसचं फोल्डर एचटीडॉक्समध्ये टाकायचं, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये रिकामा डेटाबेस करायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट/भांडी उघडायचं. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे तुमचंच यंत्र. नेट नसलं तरी चालतं.

अपाची सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा पोर्ट ८० दुसऱ्या कुणीतरी अडवलेलं असतं. विंडोजची वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू आहे का बघा. ती थांबवा, नाहीतर अपाचीच्या सेटिंगमध्ये ८० चं ८०८० करा.

एक्सॅम्पची शेवटची आवृत्ती २०२३ ची आहे, पीएचपी ८.२ वाली. होस्टिंग घेताना तिथे पीएचपी कोणती मिळते ते विचारा आणि घरी शक्यतो तीच ठेवा. हा त्रास नको असेल तर 'लोकल' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खास वर्डप्रेससाठी. त्यात प्रत्येक साईटला पीएचपीची आवृत्ती निवडता येते.

गोदाकाठ · सोम, रात्री १०:०५

माझं मत उलटं. आत्ताच होस्टिंग घ्या, उपडोमेन काढा, त्याला पासवर्ड लावा आणि तिथेच बांधा. घरच्या पीसीवर साईट चालली म्हणजे ती घरच्या पीसीवर चालली, एवढंच सिद्ध होतं. विंडोज वेगळं, सर्व्हरचं लिनक्स वेगळं. दोनदा काम कशाला?

सातपूरकर · सोम, रात्री १०:२०

गोदाकाठशेठ, जगातली पहिली वेबसाईटसुद्धा टिम बर्नर्स-ली यांच्या सर्नमधल्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावरच चालायची. "हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका" अशी लाल शाईतली चिठ्ठी होती त्याच्यावर. तेव्हा टेबलाला नावं ठेवू नका. :)

गंभीरपणे सांगायचं तर ते प्लगिन लिहितायत. प्लगिन लिहिताना एक अर्धविराम विसरला की अख्खी साईट पांढरी पडते. ते घरी झालेलं बरं. दर वेळी फाइल वर चढवून बघण्यात जीव जातो, आणि पावसाळ्यात आमच्या भागात नेटचं काही सांगता येत नाही. मात्र लिनक्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. विंडोजला 'Handa' आणि 'handa' एकच वाटतं, म्हणजे फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं रोमन अक्षर विंडोज सारखंच मानतं, लिनक्स नाही. मोबाईल किंवा कॅमेऱ्याचे फोटो बरेचदा मोठ्या लिपीतल्या जेपीजीने संपतात आणि आपण कोडमध्ये छोट्या लिपीत लिहितो. घरी सगळे फोटो दिसतात, वर गेल्यावर निम्मे गायब. सगळी नावं पहिल्यापासून छोट्या लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवा.

पितळी_डबा · मंगळ, रात्री ८:५०

एक्सॅम्प चाललं! आधीची ती सर्व्हिसच आडवी येत होती. दहा-बारा वस्तू टाकल्या, झकास दिसतंय. पण बाबांच्या मोबाईलवर लोकलहोस्ट टाकलं तर "पोहोचता येत नाही" म्हणतंय. वायफाय एकच आहे.

मखमलाबादची_मनी · मंगळ, रात्री ९:१५

लोकलहोस्ट म्हणजे "मी स्वतः". बाबांच्या मोबाईलवर तो पत्ता टाकला की मोबाईल स्वतःच्याच पोटात साईट शोधतो, तिथे काय सापडणार? पीसीवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाका. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल, तो मोबाईलमध्ये टाका. विंडोजच्या फायरवॉलने विचारलं तर अपाचीला फक्त खासगी नेटवर्कवर परवानगी द्या. सार्वजनिकवर अजिबात नको, कारण एक्सॅम्पच्या डेटाबेसला मुळात पासवर्डच नसतो आणि हॉटेलच्या वायफायवर बसलात तर ते दार उघडंच.

एवढं करूनही वर्डप्रेस चकवेल. त्याच्या सेटिंगमध्ये साईटचा पूर्ण पत्ता लोकलहोस्ट असा लिहिलेला असतो, त्यामुळे पहिलं पान उघडताना किंवा पहिल्याच लिंकवर मोबाईल परत लोकलहोस्टकडे पळतो. तात्पुरता तिथे १९२.१६८ वाला पत्ता घाला. राउटर बंद-चालू झाला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये पीसीसाठी तो पक्का करून ठेवा.

दुकानात वायफाय नसेल तर एका मोबाईलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप आणि दुसरा मोबाईल जोडूनही दाखवता येतं. आणि जागेचं लोकेशन विचारणारं काही ठेवलं असेल तर ते १९२.१६८ वर चालणार नाही. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो, साध्या एचटीटीपीवरच्या बाकी पत्त्यांना नाही. तुमचं कोड बिघडलंय असं वाटून रात्र घालवू नका.

लिपीकार · बुध, सकाळी ७:३०

मी रविवार कारंज्याजवळ बरीच वर्षं डीटीपी केलं, त्यामुळे तांत्रिक कमी, मजकुराबद्दल जास्त बोलतो.

तुमच्याकडे दुकानाचं जुनं माहितीपत्रक असेल तर ते बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असणार. तो मजकूर तसाच वेबसाईटवर चिकटवू नका. तुमच्या पीसीवर तो फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला वर्डमध्ये सुंदर मराठी दिसेल. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत, वरून फॉन्टने देवनागरीचं सोंग घेतलेलं. दुसऱ्याच्या मोबाईलवर ते सोंग उतरतं. युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर देवनागरीच राहते त्या पद्धतीत) बदलून घ्या आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते.

तुमच्या भांड्यांतलंच उदाहरण: झाऱ्या. यातला अर्धा 'र' दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) र वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या दृष्टीने वेगळे. वस्तूचं नाव एका पद्धतीने लिहिलं आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर वस्तू सापडेलच याची खात्री नाही. दोन्ही कीबोर्डांनी टाइप करून शोधून पाहा. मोबाईलवरचं बोलून टाइप करणंही करून पाहा, कारण आमच्या पिढीची गिऱ्हाइकं तेच करतात.

दिसण्याबद्दल तीन गोष्टी. पानाची भाषा सेटिंगमध्ये मराठी असू द्या. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी, त्यात मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्य करा, इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, आपली शिरोरेषा तुटते. आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं सैल ठेवा, नाहीतर बटणांवर 'पुढे जा' मधला उकार खालून कापला जातो. हे सगळं घरच्या पीसीवर निवांत तपासता येतं, त्याला होस्टिंग लागत नाही.

पितळी_डबा · बुध, रात्री ८:१०

लिपीकार काका, दंडवत. माहितीपत्रक खरंच जुन्या फॉन्टमध्ये आहे. ल-श लगेच बदलले, बाबांना फरक न सांगता कळला.

गोदाकाठ · बुध, रात्री ८:३५

काकांच्या प्रतिसादाला पुरवणी. वस्तूच्या पानाचा पत्ता मराठीत ठेवू नका. पत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षर टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हांचं होतं, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या त्या तुकड्याला २०० चिन्हांपर्यंतच जागा देतं. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ अक्षरं. "हाताने ठोकलेलं तांब्याचं मोठं घंगाळ" आणि "हाताने ठोकलेलं तांब्याचं मोठं घागर" दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी कापले जातात आणि मग दुसऱ्याच्या शेपटाला २ चा आकडा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की ती लिंक अर्धा स्क्रीन खाते ते वेगळंच. पत्ता रोमनमध्ये, मथळा मराठीत.

(घागर नपुंसकलिंगी नाही हे माहीत आहे, उदाहरण आहे, काका मारू नका.)

आता तुमच्या वजनाच्या प्लगिनबद्दल. दर कोण भरणार? बाबा? कुठल्या आकड्यांत?

पितळी_डबा · बुध, रात्री ८:४८

बाबाच. मराठी कीबोर्डवरून. म्हणजे देवनागरी आकडे. का?

गोदाकाठ · बुध, रात्री ९:१०

इथेच सगळा खेळ आहे. तुम्ही आत्तापर्यंत रोमन आकडे टाकून तपासलं असणार आणि सगळं बरोबर आलं असणार. पीएचपीला देवनागरी '९५०' हा आकडा वाटत नाही, तो त्याच्यासाठी नुसता मजकूर. त्याचा आकडा करायला सांगितलं तर शून्य हातात येतं. तसाच थेट गुणाकारात घातला तर जुनी पीएचपी ७ इशारा देऊन शून्य धरून पुढे जायची, पीएचपी ८ तिथेच चूक दाखवून थांबते. म्हणजे घरी एक आवृत्ती आणि वर दुसरी असेल तर एकाच दराला घरी एक, वर भलतंच. शून्य रुपयांचं घंगाळ विकायची वेळ येईल.

दुसरं, स्वल्पविराम. "1,250" असा रोमनमध्ये भरला तरी आकडा करताना पीएचपी स्वल्पविरामापाशी थांबते आणि १ घेऊन मोकळी होते. एक रुपया किलो तांबं.

म्हणून दर घेतल्या घेतल्या आधी देवनागरी अंक रोमनमध्ये बदला, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, मग तपासा की उरलेलं खरंच आकडा आहे आणि तो तुमच्या नेहमीच्या दराच्या आसपास आहे. कालच्या दरापेक्षा फारच वेगळा असेल तर बदल करण्याआधी पुन्हा विचारू द्या. बाबांच्या हातात मोबाईल देऊन बाजूला उभे राहा आणि काही सांगू नका. ही चाचणी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगली.

सातपूरकर · बुध, रात्री ९:२२

+१. आणि गोदाकाठशेठ, हे सगळं घरच्या पीसीवर सापडतंय बरं का!

गोदाकाठ · बुध, रात्री ९:२५

सापडतंय कारण कुणीतरी विचारलं. पीसी आपणहून काही सांगत नव्हता.

पितळी_डबा · गुरू, रात्री ९:०५

बाबांकडे मोबाईल दिला आणि गप्प उभा राहिलो. त्यांनी दर टाकला "९५०/-". तो तिरपा दांडा आणि आडवी रेघ! चाळीस वर्षांच्या पावतीपुस्तकाची सवय. आता प्लगिन ते दोन्ही काढून टाकतं. शिवाय त्यांचं म्हणणं पडलं की वजन ग्रॅममध्ये विचारू नका, "सव्वा किलो" लिहिणारी माणसं आहेत. त्यासाठी यादीतून निवडायची सोय केली.

आता ईमेल जात नाहीये आणि पैसे भरायचं कसं तपासायचं?

मखमलाबादची_मनी · गुरू, रात्री ९:३०

घरच्या पीसीवरून मेल जात नाही ते बरंच आहे, नाहीतर चाचणीच्या ऑर्डरी खऱ्या लोकांना गेल्या असत्या. मेलपिट नावाचं छोटं साधन आहे, साईटने पाठवलेले सगळे मेल ते पकडून ब्राउझरमध्ये दाखवतं. मराठी विषयाची ओळ नीट येते का, तेवढं तिथे कळतं.

पैशांसाठी रेझरपेसारख्या गेटवेंना (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवांना) चाचणीची वेगळी किल्ली असते, खरे पैसे कटत नाहीत. अडचण एकच: पैसे आल्यावर गेटवे तुमच्या साईटला परत निरोप पाठवतो, आणि बाहेरच्या जगाला तुमचं लोकलहोस्ट दिसत नाही. ऑर्डर "प्रलंबित"च राहते. एनग्रोकसारखं साधन तात्पुरता बाहेरचा पत्ता देतं, तो गेटवेत भरा. काम झालं की बंद करा. आणि पैसे भरताना मध्येच मागे जाणं, ब्राउझर बंद करणं हे मुद्दाम करून पाहा, लोक तेच करतात.

नवखा_नाशिककर · गुरू, रात्री १०:१५

मध्येच विचारतो. सिंहस्थात गर्दी झाली तर साईट टिकेल का हे घरी तपासता येतं का?

सातपूरकर · गुरू, रात्री १०:३२

नाही. एक्सॅम्पबरोबर अपाचीबेंच येतं, त्याने साईटवर खोट्या भेटींचा भडिमार करता येतो, पण त्यातून तुमच्या पीसीची ताकद कळते, होस्टिंगची नाही. घरी दुसरं बघा: पान किती जड आहे. क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्कचा वेग मुद्दाम मंद करता येतो. पर्वणीला पंचवटीत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलला काय वेग मिळेल त्याचा विचार करा आणि तशी साईट उघडा. मोबाईलने काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा असतो, परातीच्या एका पानावर असे आठ म्हणजे संपलं. लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात टाका.

आणखी एक. लाईट जाते तेव्हा एक्सॅम्पचा डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहून पुढच्या वेळी सुरूच होत नाही, असं होतं. यूपीएस नसेल तर रोज रात्री पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट करून ठेवा. प्लगिनचं कोड गिटमध्ये (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन).

पितळी_डबा · शुक्र, रात्री ८:४०

होस्टिंग घेतलं, पीएचपी ८.२ च मागितली. वर चढवायचं. डेटाबेस एक्स्पोर्ट केलेली एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून लोकलहोस्टच्या जागी डोमेन बदलू ना?

गोदाकाठ · शुक्र, रात्री ८:४४

थांबा!! नको.

गोदाकाठ · शुक्र, रात्री ९:०८

वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग एका वेगळ्या पद्धतीने साठवतं, आधी मजकुराची लांबी आणि मग मजकूर. "एचटीटीपी"पासून "लोकलहोस्ट/भांडी"पर्यंतचा तुमचा पत्ता रोमनमध्ये २३ अक्षरांचा, म्हणून पुढे २३ लिहिलेलं. नोटपॅडने पत्ता बदलला तरी २३ तसाच राहतो, लांबी जुळत नाही आणि वर्डप्रेस ती सेटिंगच टाकून देतं. थीमची मांडणी, विजेट गायब. ही लांबी बाइटमध्ये मोजतात, त्यामुळे मराठी मजकुरात हाताने दुरुस्त करणं तर विसराच: 'नाशिक' पाच चिन्हांचं, पण १५ बाइट.

डेटाबेस आहे तसा वर न्या आणि तिथे बेटर सर्च रिप्लेससारख्या प्लगिनने बदला, ते लांबी सांभाळतं. किंवा डुप्लिकेटरने अख्खी साईट एकत्र बांधून न्या.

फाइली चढवताना डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही फाइल राहून जाते, लिनक्सवर ती लपलेली असते. मग पहिलं पान उघडतं आणि आतली सगळी ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही". पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये जाऊन नुसतं सेव्ह दाबलं की बहुतेकदा परत तयार होते. एचटीटीपीएस लावल्यावर कुठे जुना एचटीटीपी फोटो उरला का ते पाहा. आणि "शोधयंत्रांना येऊ देऊ नका" ही खूण बांधताना लावली असेल तर काढा, नाहीतर गूगलवर साईट दिसणार नाही.

मखमलाबादची_मनी · शुक्र, रात्री ९:२०

डोमेन अजून नव्या सर्व्हरकडे वळवू नका. तुमच्या पीसीवर विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये, ड्रायव्हर्समधल्या ईटीसी फोल्डरात होस्ट्स नावाची फाइल आहे. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) आणि पुढे तुमचं डोमेन लिहा. मग फक्त तुमच्या पीसीला खऱ्या नावाने खरी साईट दिसते, जगाला नाही. सुरक्षा प्रमाणपत्र नसल्याची तक्रार ब्राउझर करेल, ती तेवढ्यापुरती सोडून द्या. सगळं पाहून झालं की ओळ पुसा. ओळ तशीच ठेवून "सगळ्यांना दिसतेय" असं समजणारे बरेच भेटलेत.

पितळी_डबा · रवि, दुपारी १:१५

चढली. फोटो सगळे आहेत, झाऱ्या दोन्ही पद्धतींनी सापडतात, दर बाबा भरतायत. डोमेन उद्या वळवतो. एकच शंका: चाचणीच्या ऑर्डरी सगळ्या पुसल्या, तरी नव्या ऑर्डरीला ४१२ क्रमांक आला. १ पासून सुरू करता येईल का?

गोदाकाठ · रवि, दुपारी १:४०

वूकॉमर्सचा ऑर्डर क्रमांक पानं, फोटो, वस्तू यांच्याच मोजणीतून येतो, म्हणून तो उड्या मारतो आणि पुसलेले क्रमांक परत मिळत नाहीत. सलग हवे असतील तर वेगळं प्लगिन लागतं. बिलाचे क्रमांक मात्र सलगच हवेत, ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढा, ऑर्डर क्रमांकावर जाऊ नका.

पितळी_डबा · रवि, दुपारी २:०५

बाबांना विचारलं. ते म्हणतात ४१२ च राहू दे. पहिल्या गिऱ्हाइकाला १ नंबर दिसला तर त्याला वाटेल दुकान कालच उघडलंय.